पालवणकर बाळू : मैदानावरचा न्याय आणि चहाचे वेगळे बोळके

४ जुलै हा पालवणकर बाळू यांचा स्मृतिदिन. १९५५ साली याच दिवशी मुंबईत त्यांचे निधन झाले. क्रिकेटच्या पुस्तकांत त्यांचे नाव पी. बाळू असे येते. भारतीय क्रिकेटमधले पहिले मोठे फिरकी गोलंदाज आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातून पुढे आलेले देशातले पहिले नामवंत क्रिकेटपटू, अशी त्यांची ओळख आहे.

तरीही आपल्या विहारांतल्या आणि जयंतीच्या कार्यक्रमांत हे नाव क्वचितच ऐकू येते. त्याचे कारण सगळ्या जुन्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. १९३७ च्या निवडणुकीत बाळू हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात काँग्रेसचे उमेदवार होते. ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही आणि आम्ही ती झाकणारही नाही. पण एका निवडणुकीसाठी चाळीस वर्षांची कामगिरी विसरून जाणे न्यायाचे आहे का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. खेळातला न्याय आणि रोजच्या जगण्यातली दानत यांविषयी बोलताना बाळूंच्या आयुष्याइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. म्हणून आधी ते आयुष्य पाहू आणि मग त्या निवडणुकीकडे येऊ.

रोलर फिरवणारा मुलगा

बाळूंचा जन्म १८७० च्या दशकात धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. कुटुंबाचे मूळ गाव कोकणातले पालवण, त्यावरून पालवणकर हे आडनाव. वडील लष्करात नोकरीला होते. त्या काळी अस्पृश्य समाजातल्या अनेक कुटुंबांना लष्करामुळेच गावकीच्या जाचातून बाहेर पडता आले. खुद्द बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेही लष्करातलेच, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पुढे पालवणकर कुटुंब पुण्यात आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम क्रिकेट खेळायला शिकले.

शाळा लवकर सुटली. बाळूंना पहिली नोकरी पुण्यातल्या एका पारशी क्रिकेट क्लबात मिळाली. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा आणि एखाद्या वेळी सरावासाठी सभासदांना चेंडू टाकायचे असे ते काम होते. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना जिमखान्यात गेले. तिथे पगार ४ रुपये झाला. जाळी बांधणे, खेळपट्टी तयार करणे, चुन्याच्या रेघा मारणे ही सगळी कामे त्यांच्याकडेच होती.

तिथल्या एका साहेबाने बाळूंना नेटमध्ये चेंडू टाकायला सांगितले. डावखुऱ्या हाताने संथ फिरकी टाकणारा हा मुलगा भल्याभल्यांना चकवू लागला. जिमखान्याचे सर्वांत नामांकित फलंदाज होते जे. जी. ग्रेग. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करत. आपल्याला बाद केले की प्रत्येक वेळी ते बाळूंना आठ आणे देत, असे सांगितले जाते. हिशेब केला तर आठ वेळा साहेबाला बाद केले की महिन्याचा पगार वसूल.

ग्रेग यांचे हे आठ आणे मोठ्या मनाचे होते, यात शंका नाही. स्वतःच्या पराभवासाठी दुसऱ्याला बक्षीस द्यायला दानत लागते. पण याच पूना जिमखान्यात इतकी वर्षे चेंडू टाकूनही बाळूंच्या हातात कुणी बॅट दिली नाही. चेंडू टाकणे हे कष्टाचे काम, ते नोकराने करायचे. फलंदाजी करणे हा साहेबाचा मान. आठ आणे द्यायला हात सैल होता, पण बॅट द्यायला कुणाचा हात पुढे आला नाही. दान आणि समता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच कळते. दान देणारा वरच राहतो. समता द्यायची तर स्वतःची जागा थोडी सोडावी लागते.

चेंडू एक, भांडी वेगळी

पुण्यात गोऱ्यांचा संघ होता तसा हिंदूंचाही संघ होता. त्यांना साहेबांना हरवायचे होते. बाळू दररोज साहेबांना चकवतात ही बातमी शहरभर झाली होती. पण चर्मकाराच्या मुलाला आपल्या संघात घ्यायचे कसे, यावरून सभासदांत फूट पडली. काहींचा विरोध होता, काहींचा पाठिंबा. हिंदूंनी जातीपायी बाळूला वगळले तर तो त्यांचा मूर्खपणा ठरेल, अशा अर्थाचे मत ग्रेग यांनी वर्तमानपत्रातून मांडले. अखेर बाळूंना संघात घेतले गेले.

संघात घेतले, पण कसे? मैदानावर तोच चेंडू ब्राह्मण खेळाडूंच्या हातून बाळूंच्या हाती आणि बाळूंच्या हातून पुन्हा त्यांच्या हाती जात होता. त्या चेंडूचा विटाळ कुणाला होत नव्हता. पण चहाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा पीत आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या बोळक्यात चहा मिळे. हात-तोंड धुवायचे असेल तर अस्पृश्य समाजातलाच एखादा नोकर एका कोपऱ्यात त्यांच्या हातावर पाणी घाली. जेवणाचे ताट वेगळे, मेजही वेगळे.

आपल्यापैकी प्रत्येकाला हे वाचताना साताऱ्याच्या शाळेतले लहानगे भीमराव आठवतील. तिथेही शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागायची. आणि १९२७ चे महाडचे चवदार तळे आठवेल. प्रश्न तोच होता. कष्ट चालतात, घाम चालतो, कौशल्य चालते, मग एका भांड्यातले पाणी का चालत नाही? बाबासाहेबांनी हा प्रश्न तळ्याच्या काठावर हजारोंच्या साक्षीने विचारला. बाळूंच्या आयुष्यात तो तीस वर्षे आधी प्रत्येक सामन्याच्या चहाच्या सुट्टीत उभा राहत होता.

साताऱ्यातल्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर पुण्याच्या हिंदू संघाने विजय मिळवला, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. त्यानंतर पुण्यात सत्कार झाला तेव्हा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंना हार घातला आणि खेळाडूंचे कान टोचले. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर चहा प्यायला आणि जेवायला काय हरकत आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. रानड्यांच्या सुधारणावादाच्या मर्यादा आपण जाणतो. पण योग्य वेळी योग्य ठिकाणी ते बोलले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

मुंबई आणि १९०६ चा विजय

१८९६ नंतर प्लेगने पुण्या-मुंबईत थैमान घातले. त्याच सुमारास बाळू मुंबईला आले. त्यांना बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि ते तिच्या संघातून खेळू लागले. मालाड स्थानकावरून आज आपण ज्या पश्चिम रेल्वेची लोकल पकडतो, तिचीच ही जुनी कंपनी.

मुंबईतल्या हिंदू जिमखान्यातही त्यांच्या प्रवेशावरून वाद झाला. काही सभासदांनी विरोध केला, पण कीर्तिकर यांच्यासारख्यांनी त्यांची बाजू लावून धरली आणि दार उघडले. पुण्याच्या मानाने मुंबईचे वातावरण मोकळे होते. हळूहळू सहभोजनाची बंधनेही सैल झाली. गिरण्या, गोदी, रेल्वे यांनी माणसे एकत्र आणली होती. जातीची भिंत पडली नव्हती, पण तिला तडे गेले होते.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन संघांत सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६० वर आटोपले. जिंकायला २१२ धावा हव्या असताना युरोपियन संघ १०२ धावांत गारद झाला. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी सामन्यात आठ बळी घेतले, त्यातले पाच दुसऱ्या डावातले. शिवरामही त्या संघात होते. बंगालच्या फाळणीविरुद्धची स्वदेशीची चळवळ तेव्हा जोरात होती. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद देशभर पसरला. त्या विजयात दोन चर्मकार भावांचा हात होता, आणि काही सुधारकी वर्तमानपत्रांनी तो मुद्दाम अधोरेखित केला. ज्यांना आधी बोळक्यातून चहा दिला जात होता, ते आता संघाबरोबर एका पंगतीत जेवतात, याची त्यांनी नोंद घेतली.

इंग्लंडचा दौरा आणि समाजाचे मानपत्र

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराजांचा बराच वेळ मेजवान्यांत जाई. संघाने प्रथम श्रेणीचे १४ सामने खेळले, त्यातले १० गमावले. लेस्टरशायर आणि सॉमरसेट यांच्याविरुद्धचे दोन तेवढे जिंकले. या दौऱ्यात बाळूंनी सगळे सामने धरून ११४ बळी मिळवले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी ही त्यांची कारकिर्दीतली सर्वोत्तम कामगिरी. तेव्हा त्यांनी वयाची पस्तिशी गाठली होती.

परतल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले आणि सादर केले, अशी नोंद इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी केली आहे. भीमराव तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. ज्या काळात आपल्या माणसांच्या वाट्याला कौतुक येतच नव्हते, त्या काळात इंग्रजांच्या देशात जाऊन त्यांच्या फलंदाजांना बाद करून आलेला हा माणूस सगळ्या पददलितांचा अभिमान होता. पुढचे सारे राजकारण समजून घेताना हे मानपत्र विसरून चालणार नाही.

बाळूंची प्रथम श्रेणीतली एकूण कामगिरी ३३ सामन्यांत १७९ बळी अशी आहे, प्रत्येक बळीमागे सरासरी १५.२१ धावा. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ साली खेळला. तोवर बाळूंचे खेळण्याचे वय केव्हाच उलटून गेले होते.

कर्णधारपद कुणाचे?

बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चारही भाऊ उत्तम क्रिकेटपटू होते. संघातले सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत यशस्वी खेळाडू बाळू. १९१० नंतर दरवर्षी मागणी होऊ लागली की कर्णधारपद त्यांना द्यावे. दरवर्षी ते सवर्ण खेळाडूकडे गेले. १९१३ साली एम. डी. पै कर्णधार झाले. त्यांच्या सत्काराच्या वेळी पै यांनी स्वतःच सांगितले की हा मान अनुभवाने आणि ज्येष्ठतेने बाळूंचा होता. सत्काराचा हार गळ्यात असताना तो हार दुसऱ्याचा आहे असे म्हणायला मन मोठे लागते. तरी निर्णय बदलला नाही.

१९२० साली प्रकरण हातघाईवर आले. चौरंगी स्पर्धेतल्या मुस्लिम संघाविरुद्धच्या सामन्याला पै आजारी होते. बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि नेतृत्व दि. ब. देवधरांकडे गेले. देवधर मोठे खेळाडू होते, पण बाळूंच्या तुलनेत कितीतरी नवखे. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढून संघातून माघार घेतली. आपल्या जातीमुळे हा अन्याय होतो आहे, हे त्यांनी लोकांसमोर मांडले. नोकरी, नाव, पुढची निवड सगळेच धोक्यात घालून केलेली ही कृती होती. मुंबईत त्यावर मोठी चर्चा झाली आणि जिमखान्याला नमते घ्यावे लागले. पारशांविरुद्धच्या पुढच्या सामन्यात पै परतले, बाळू उपकर्णधार झाले आणि भाऊही संघात आले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि बाळूंना संघाचे नेतृत्व करता आले. बाळूंच्या वाट्याला कर्णधारपद आले ते एवढेच.

इथे आपल्याला विनयपिटकातली उपालीची गोष्ट आठवते. अनिरुद्ध, भद्दिय, आनंद आदी शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले, तेव्हा त्यांचा नाभिक उपाली त्यांच्याबरोबर होता. राजपुत्रांनी तथागतांना विनंती केली की उपालीला आधी दीक्षा द्यावी. संघात ज्याची दीक्षा आधी तो ज्येष्ठ, म्हणून आपल्याला त्याला वंदन करावे लागेल आणि आपला शाक्य कुळाचा अहंकार गळून पडेल. बाबासाहेबांनीही बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात उपालीच्या दीक्षेला स्थान दिले आहे. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे पठण याच उपालीने केले. राजपुत्रांनी उपालीला पैसे दिले असते तर ते दान झाले असते. त्यांनी आपली जागा दिली, म्हणून ती समता झाली.

पै मैदानाबाहेर गेले ते याच वाटेने दोन पावले. पण फरकही ध्यानात घ्या. उपालीला ज्येष्ठत्व देताना राजपुत्रांना कुणी भाग पाडले नव्हते. बाळूंना तेवढे नेतृत्व मिळायला दोन भावांना बॅट खाली ठेवावी लागली.

पंचशीलातले दुसरे शील आपण रोज म्हणतो. जे दिलेले नाही ते घेणार नाही. चोरी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पैसा आणि वस्तू येतात. पण दुसऱ्याच्या हक्काचे पद, त्याची पाळी, त्याचे श्रेय आपल्याकडे ठेवून घेणे हेही न दिलेले घेणेच आहे. दहा वर्षे बाळूंचे कर्णधारपद कुणी ना कुणी असे घेत राहिले.

१९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला जे मिळाले नाही ते धाकट्याला मिळाले. विठ्ठल यांनी पुढे माझे क्रीडा-जीवन हे आत्मकथन लिहिले. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले.

बाबासाहेबांच्या विरोधात

आता त्या अवघड भागाकडे वळू. १९३२ साली जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले आणि गांधीजींनी येरवड्यात उपोषण सुरू केले. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर बाबासाहेबांची सही आहे आणि बाळूंचीही आहे. पण दोघे एका बाजूचे नव्हते. बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेव्हा बाळूंनी धर्मांतराला विरोध केला. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईच्या भायखळा-परळ मतदारसंघात काँग्रेसने त्यांना स्वतंत्र मजूर पक्षाच्या बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेब २,०२० मतांनी जिंकले.

काँग्रेसने बाळूंचे नाव बाबासाहेबांविरुद्ध वापरून घेतले, असे आमचे मत आहे. संयुक्त मतदारसंघात आपल्याच समाजातला माणूस आपल्याच नेत्याविरुद्ध उभा करता येतो, हा बाबासाहेबांचा इशारा पहिल्याच निवडणुकीत खरा ठरला. बाळूंचा निर्णय चुकीचा होता, हे आम्ही आडपडदा न ठेवता म्हणतो.

पण माणूस तिथवर कसा पोहोचला हेही पाहायला हवे. बाळूंनी आयुष्यात बोळक्यातला चहा पाहिला होता आणि नंतर एका पंगतीतले जेवणही पाहिले होते. रानड्यांचा हार, कीर्तिकरांची साथ, पैंचा मोकळेपणा आणि भावाचे कर्णधारपदही त्यांनी पाहिले होते. सवर्णांचे मन हळूहळू बदलते, असे त्यांना वाटले असेल तर ते त्यांच्या अनुभवातूनच आले. बाबासाहेबांनी तोच काळ पाहिला आणि उलटा निष्कर्ष काढला. आम्हाला बाबासाहेबांचा निष्कर्ष पटतो आणि त्याचा पुरावा बाळूंच्याच घरात सापडतो. १९२० साली जिमखाना नरमला तो विनंत्यांनी नव्हे. दहा वर्षे विनंत्या करून काही झाले नव्हते. दोन भावांनी माघार घेतली तेव्हा जे हलले, ते आत्मसन्मानाच्या बळावर हलले.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बाळू चर्मकार होते. धम्मदीक्षा घेतलेल्यांत बहुसंख्य पूर्वाश्रमीचे महार आहेत. धर्मांतराच्या प्रश्नावर या दोन समाजांच्या वाटा बऱ्याच अंशी वेगळ्या झाल्या आणि त्या दुराव्यात बाळूंचे नाव त्यांच्या वाट्याला टाकून आपण मोकळे झालो. जात मोडायला निघालेल्यांनी माणसांची आठवणही जातवार वाटून घ्यावी, हे धम्माला धरून नाही. मैत्रीची भावना फक्त आपल्या मताच्या माणसांपुरती ठेवायची नसते, हे आपण मेत्ताभावनेत रोज शिकतो. विरोधकाच्या चांगल्या कामाचा आनंद मानणे ही मुदिता, आणि तिची खरी परीक्षा अशाच माणसांबाबत होते.

बाळू गेले त्यानंतर पंधरा महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात धम्मचक्र फिरले. ते पाहायला बाळू नव्हते.

मालाडच्या मैदानावर आणि घरात

हे सारे आम्ही मालाडमध्ये बसून का लिहितो? कारण कुरार, आप्पापाडा, मालवणी इथल्या वस्त्यांत रविवारी सकाळी जागा मिळेल तिथे टेनिस बॉलचे क्रिकेट चालू असते. जयंतीच्या निमित्ताने मंडळे स्पर्धा भरवतात. ही सगळी आपली मुले आहेत. त्यांच्या खेळात न्याय कितपत आहे, हे थोडे थांबून पाहिले तर बाळूंची गोष्ट जुनी वाटत नाही.

ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, हा गल्लीतला नियम सगळ्यांना माहीत आहे. ज्याच्या घरी बॅट घ्यायला पैसे नाहीत तो मुलगा दिवसभर फिल्डिंग करतो, उन्हात बॉलिंग टाकतो आणि त्याची पाळी येईपर्यंत अंधार पडतो. पूना जिमखान्याचा नियम याहून वेगळा नव्हता. मंडळाने दोन बॅटी सामाईक ठेवल्या आणि पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवली, तर खर्च फार होत नाही आणि एखाद्या बाळूच्या हाती वेळेवर बॅट येते.

अंपायर बहुधा बॅटिंग करणाऱ्या संघाचाच मुलगा असतो. आपल्याच भिडूच्या बॅटीची कड लागल्याचा आवाज ऐकून बोट वर करणाऱ्या मुलाला आपण शिव्या घालतो की शाबासकी देतो? स्पर्धेत जिंकलेल्यांना चषक मिळतोच. अशा मुलाच्या गळ्यात एखादा हार घातला, तर बाकीच्या मुलांना पंचशीलावरच्या तासभराच्या भाषणापेक्षा जास्त कळेल. मैदान झाडणारा, पाणी आणणारा, रेघा मारणारा मुलगा बक्षीस समारंभात कुठे उभा असतो, तेही पाहावे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. झेपेल तेवढेच काम द्यावे, जेवण आणि मजुरी द्यावी, आजारपणात काळजी घ्यावी, चांगलेचुंगले वाटून खावे, वेळेवर सुटी द्यावी. पूना जिमखान्यातल्या चार रुपयांच्या नोकराला यातले काय मिळाले, ते आपण वर पाहिले.

आणि चहाचे ते बोळके अजून गेलेले नाही. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी बाया उंच इमारतींत धुणी-भांडी, स्वयंपाक करायला जातात. त्यांच्या हातची पोळी चालते, पण अनेक घरांत त्यांचा चहाचा कप आजही वेगळा, ओट्याच्या कडेला उपडा ठेवलेला असतो. हा अपमान आपल्याला चटकन कळतो, कारण तो आपल्या आयाबहिणींचा आहे. पण आपण स्वतः थोडे वर आलो की काय करतो? गटार साफ करायला आलेल्या माणसाला, कचरा न्यायला येणाऱ्या बाईला पाणी कोणत्या भांड्यात देतो? घरातल्या रोजच्या पेल्यात देतो की बाजूला ठेवलेल्या जुन्या बाटलीत? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आपापल्या स्वयंपाकघरात शोधावे. दानपेटीत नोट टाकणे त्यामानाने सोपे आहे.

आमचे मालाडमधल्या मंडळांना आणि विहारांना तीन गोष्टींचे आवाहन आहे. येत्या ४ जुलैच्या आसपास एका संध्याकाळी मुलांना पी. बाळूंची गोष्ट सांगा, १९३७ च्या निवडणुकीसकट सांगा. त्या कार्यक्रमाला शेजारच्या वस्तीतल्या चर्मकार बांधवांना बोलवा आणि त्यांच्यापैकी कुणाला तरी बोलायची विनंती करा. आणि पुढच्या जयंतीला क्रिकेटचे सामने ठेवाल तेव्हा सर्वोत्तम गोलंदाजाच्या बक्षिसाला पालवणकर बाळूंचे नाव द्या. ज्या तरुण भीमरावांनी त्यांचे मानपत्र लिहिले, त्यांच्याच जयंतीला हे नाव मैदानावर घेतले जाणे अगदी योग्य होईल.